महफूज की मखदूश

शिकस्ता वाचावी तर मीच, असं आमच्या तहसिलीत म्हणायचे. म्हणायचे म्हणजे बहुतेक मीच म्हणायचो आणि बाकीचे मान डोलवायचे. शिकस्ता म्हणजे उर्दूची धावती लिखावट, आपल्याकडं मोडी ओढतात तशी. त्यात नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके देणं जुन्या अंमलदारांना कमीपणाचं वाटायचं. ठिपके मदरशातल्या पोरांसाठी! मोठ्यानं ओढायचं आणि शहाण्यानं ओळखायचं, अशी रीत होती. मी त्या वेळी पंचविशीतला नक्कलनवीस होतो. आलेल्या कागदाची साफ, ठिपक्याठिपक्याची नक्कल करून साहेबांपुढं ठेवायची, एवढंच माझं काम. पण घमेंड अशी, की जणू निजामाचं राज्य माझ्याच बोरूवर चाललंय.

पहिली मोठी लढाई संपून दोन-चार वर्षं झाली होती. त्या साली दोन कागद एकाच हंगामात आमच्याकडं आले आणि माझ्याच मेजावर एकमेकांना धडकले. पहिला सडकेचा. तेलगावाकडून दिंद्रुडाकडं जाणारी गाडीवाट सरळ करून पक्की करायची होती. नकाशावर लाल शाईची रेघ ओढलेली, आणि ती रेघ नेमकी माझ्या सासुरवाडीच्या वेशीत घुसलेली. दुसरा कागद हैदराबादेहून आलेला. तालुक्यातल्या जुन्या वेशी, बारवा, मशिदी, देवळं यांची फेहरिस्त. यातलं काय सांभाळायचं आणि काय धोक्याचं म्हणून उतरवायचं ते बघावं, आणि मगच तहसिलीनं सडका, घरं, विहिरी यांचे नकाशे आखावेत, असा हुकूम होता.

ही यादी एका म्हाताऱ्या साहेबानं केली होती. आदल्या हिवाळ्यात तो तालुकाभर फिरून गेला होता. प्रत्येक इमारतीपुढं त्यानं एकच शब्द लिहिला होता. महफूज, म्हणजे ही राखायची, हिला हात लावायचा नाही. नाहीतर मखदूश, म्हणजे ही धोक्याची, पाडावी. आता बोलताना हे दोन शब्द कुठल्या कुठं! पण ठिपके गाळून, घाईत ओढले तर दोघं सख्खे भाऊ. सुरुवातीला म, मधे वळसा, मग वाव हे अक्षर आणि शेवटी लांबडी शेपटी.

यादी उतरवत मी झपाझप चाललो होतो. महफूज, महफूज, मखदूश, महफूज. सासुरवाडीच्या वेशीची ओळ आली. शब्द बघितला आणि क्षणभरही न थांबता लिहिलं, मखदूश.

कावून लिहिलं? का म्हणून? खरं सांगतो, आता लपवून काय करायचंय! माझा त्या वेशीवर राग होता. लग्नात घोड्यावरून त्या ठेंगण्या कमानीतून जाताना माझं बाशिंग वर अडकलं आणि तुटून घोड्याच्या ढुंगणावर पडलं. घोडं उधळलं, मी त्याच्या मानेला मिठी मारली आणि सगळी वरात खदाखदा हसली. त्यानंतर कधीही गेलो की मेव्हण्या ओरडायच्या, "वाकून या दाजी, वेस हाय!" शिवाय तिचा डावा बुरूज पोटुशीसारखा पुढं आलेला. अशी वेस धोक्याची नसेल तर कोणती असेल? मी तो शब्द डोळ्यांनी वाचलाच नाही, रागानं वाचला.

तहसीलदारसाहेबांनी माझ्या नकलेवर भरवसा ठेवून सही केली. वेस उतरवावी आणि तिचा दगड सडकेच्या मोरीला वापरावा, असा हुकूम निघाला. पावसानं तेव्हा दडी मारली होती, म्हणून गुत्तेदाराला, म्हणजे सडकेच्या ठेकेदारालाही घाई होती. उघडीप आहे तोवर दगड काढून रचून ठेवू म्हणाला. साहेब दौऱ्यावर जाता जाता मला म्हणाले, "तुम्हारे ससुराल का गाँव है ना? तुम ही सुना आओ."

गेलो की! पांढराशुभ्र अंगरखा घालून, कागद नळीत घालून गेलो. माझे सासरे, म्हणजे मामा, गावचे माली पाटील, सारा वसूल करणारे. त्यांनी चावडीवर माणसं जमवली. मी हुकूम एकदा उर्दूतून वाचला, ऐटीत, आणि मग मराठीतून सांगितला. परवा सकाळी गुत्तेदाराची माणसं येतील, वेस पाडतील.

मग मागून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आरं बे, वेस पाडत्यात म्हन!"

"जावईबापू," मामा म्हणाले, "ते मखदूश म्हंजी काय वो?"

"धोक्याची, मामा."

"कुनाला धोका?"

त्या वेशीत एका बाजूला मारुतीचा कोनाडा, दुसऱ्या बाजूला पिराचा चिराग. गावात आलेली प्रत्येक सून तिथं नारळ फोडून आत आली आणि गावातलं प्रत्येक मयत तिथं टेकवून पुढं गेलं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "सरकारचा हुकूम आहे, मामा."

"मंग मी पाटील हाय. मी काय बोलावं!" ते उठले आणि घराकडं चालू लागले. जेवताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मामींनी मात्र तूप रोजच्यासारखंच वाढलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

माझी बायको तेव्हा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. पडवीत भेटली आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमी बराबर वाचलंय का?"

"मी? मी चुकीचं वाचीन?"

"तसं न्हाई वो. पर मी संक्रांतीला आलते तवा त्यो म्हातारा साहेब हितंच व्हता. चिंचेखाली राहुटी ठोकून तीन दिस बसला. येशीचं चित्र काढलं. बुरजात पिंपळ उगवलाता, त्यो मानूस वर चढवून मुळासगट उपटाया लावला आन् भोकात चुना वतला. पान्याला जानाऱ्या बायांना म्हनायचा, बेटी, इसका खयाल रखना. ज्याला पाडायची हाय त्यो पिंपळ कावून उपटील?"

मी खेकसलो. "तुला काय कळतं शिकस्त्यातलं?"

"शिकस्त्यातलं न्हाई कळत," ती म्हणाली, "पर मानसातलं कळतं की."

आणि पोटावर हात ठेवून आत निघून गेली. मी तिथंच उभा. राग तर असा आला होता! पण रागाच्या खाली काहीतरी टोचत होतं. पिंपळ कावून उपटील? हा सवाल काही डोक्यातून जाईना.

तांबडं फुटताच निघालो, चार कोस जवळजवळ पळतच आलो आणि दप्तराचा बस्ता सोडून मूळ यादी काढली. वेशीची ओळ. मखदूश? बघितलं. वरच्या ओळीत एका मशिदीपुढं तोच शब्द, तीच ओढ, तेच वळण. तो मी महफूज वाचला होता. खाली एका बारवेपुढं पुन्हा तोच, तोही महफूज. आणि यादीत जो खरा मखदूश होता, एका पडक्या अंबरखान्यापुढचा, त्याची शेपटी वेगळीच, खाली झुकलेली! महफूजच्या शेवटच्या अक्षराला एक उभी काठी असते. वेशीच्या शब्दात ती दिसत नव्हती, कारण कागदाची घडी नेमकी तिथंच पडली होती आणि शाई घासून गेली होती. कागद खिडकीपुढं धरला. उजेडात बोरूचा ओरखडा लख्ख दिसला. काठी होती! होती की!

"अरे देवा! अरे माझ्या कर्मा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की पेशकार, म्हणजे साहेबांचा मुख्य कारकून, धावत आला. त्याला सगळं दाखवलं. त्यानं दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाला, "गप बस बे. सही साहेबांची झाली. आता चूक म्हनालास तर नक्कल तुझी, नोकरी तुझीच जाईल. वेस काय बोलती का?"

खोटं कशाला सांगू, दोन घटका मी गप्प बसलो. नोकरी जाणार म्हणजे काय, घरी म्हातारे आईबाप, इकडं बायको बाळंतपणाला. कोणाला कळणार होतं? कागद घडी घालून बस्त्यात ठेवला की झालं. पण उद्या सकाळी घण पडणार, आणि पुढं जन्मभर मला त्या गावात शिरायचंय, तेही वेशीशिवाय!

"वेस न्हाई बोलत," मी पेशकाराला म्हणालो, "पर माझी बायको बोलती."

कागद छातीशी धरून बाहेर पडलो. बाजारात सासुरवाडीचा तेली भेटला. त्याचा हातच धरला. "तात्या, आत्ताच्या आत्ता गावाकडं जा. मामांना सांगा, वाचण्यात चूक झालीय, दुसरा हुकूम आणतो. उद्या दुपारपर्यंत वेशीला पहार लागू देऊ नका. कसंबी करून!" तेली माझ्याकडं बघतच राहिला. जावई असा रडकुंडीला आलेला त्यानं कधी पाहिला नसेल.

साहेबांचा मुक्काम तेलगावाला होता. गिरदावराचं, म्हणजे फिरत्या महसूल कारकुनाचं, तट्टू मागून घेतलं. ते तट्टू म्हणजे नमुना! चाबूक मारला की थांबायचं आणि शिव्या दिल्या की चालायचं. मग सबंध वाट मी शिव्या देत गेलो, आणि त्यातल्या निम्म्या मी मलाच देत होतो. पोचलो तर साहेब पिकं बघायला पलीकडच्या गावी गेलेले. सकाळीच भेट होईल म्हणाले. त्यांच्या राहुटीबाहेर कागद उशाला घेऊन पडलो.

सकाळी साहेब चहा घेत होते. मी जाऊन हात जोडले आणि दोन्ही कागद पुढं ठेवले.

"पढ़ो," ते म्हणाले. मी मूळ यादीतला शब्द वाचला. "महफूज, हुजूर."

"और नकल में?"

"मखदूश, हुजूर."

"नकल किसने की?"

"मैंने."

त्यांनी चष्मा चढवला, कागद उन्हात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता कप अंगावर येतो. पण ते हळूच म्हणाले, "खुद आए हो?" मी मान हलवली. "पेशकार ने नहीं रोका?" आता काय बोलावं! मी जमिनीकडं बघत राहिलो. साहेबांच्या मिशीत किंचित हसू आलं आणि लगेच विझलं.

त्यांनी तिथंच नवा हुकूम लिहिला, आणि प्रत्येक नुक्ता असा टोचला की कागदाला भोकं पडायची बाकी राहिली. वेस महफूज. सडकेनं पूर्वेकडून वळसा घ्यावा, नकाशा दुरुस्त करावा. वेशीपासून पन्नास हात चारी बाजूंना हद्दीचे दगड रोवावेत, त्या हद्दीत कोणी घर, गोठा, उकिरडा करू नये, वेशीचा दगड कोणी नेऊ नये. सही झाली, शिक्का झाला. मग माझ्याकडं वळून म्हणाले की आजपासून तू नक्कलनवीस नाहीस. दप्तरखान्यात बस्ते बांध. आणि हा हुकूम त्याच चावडीवर तूच वाचशील, चूक कोणाची तेही तूच सांगशील.

नोकरी राहिली! मान गेला, पण नोकरी राहिली! मी साहेबांचे पायच धरणार होतो, पण वेळ कुठं होता? उन्हं वर चढत होती. तट्टूला अशा शिव्या हासडल्या की ते आयुष्यात पहिल्यांदा दौडलं. वाटेत एकच धसका होता. वळणावर आलो की वेस दिसते. दिसेल का? धुरळा तर दिसत नाही ना? आणि दुसरंही एक मनात आलं. मामांनी डाव्या बुरजाला लागूनच नव्या गोठ्याचा पाया खणून ठेवला होता. पन्नास हात म्हणजे तो गोठाही गेला. वेस वाचवायची आणि सासऱ्याचा गोठा मोडायचा, दोन्ही जावयाच्याच तोंडून!

वळण आलं. वेस उभी! उभी की अख्खी! मी तट्टूवरूनच ओरडलो, "हाय! वेस हाय!"

जवळ गेलो तर तिथं जत्राच भरलेली. कमानीला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलेलं. पोळ्याला अजून चार दिवस बाकी, आणि तोरण आजच! तोरणाखाली ऐन वाटेत मामांचा मानाचा बैल फतकल मारून बसलेला. घाई अशी झालेली दिसत होती की एकाच शिंगाला हिंगूळ लागला होता, दुसरं कोरंच. पाठीवर झूल मात्र जरीची. शेजारी मामा दावं धरून उभे. समोर गुत्तेदार लालबुंद होऊन हातवारे करत होता.

"पाटील, हुकूम हाय माझ्याकडं!"

"मी कुठं न्हाई म्हनतो?" मामा शांत. "हुकूम सरकारचा हाय, मी सरकारचा पाटील हाय. पर तोरन बांधलंया. मानाचा बैल तोरनाखालनं गेल्याबिगर येशीला हात लावता येत न्हाई, ही गावची रीत. बैल गेला की पाडा."

"मग हाका की बैल!"

"हाकतोय की सकाळधरनं. चालंना झालाय. जनावर हाय, त्याला काय सांगावं!"

आणि गुत्तेदाराची माणसं? गाडीवडार ते, दगडाची गाडी हाकणारे, त्यांच्या घरीही बैल. तोरण बघितल्याबरोबर त्यांच्या म्होरक्यानं घण खाली ठेवला होता. गुत्तेदारानं शिव्या दिल्या, कामावरून काढीन म्हणाला, पण एकानंही पहार उचलली नाही. पोळ्याच्या तोरणाखाली घण मारायचा म्हणजे बैलाच्या पोटावर मारल्यासारखं, असं म्होरक्या म्हणत होता. गावातल्या बायांनी त्यांना भाकरी आणि पिठलं आणून दिलं होतं, ते खात बसले होते.

मी उतरलो आणि कागद वर धरला. चावडीवर जायची वाट कोण बघतो! तिथंच, वेशीपुढं वाचला. महफूज म्हटल्यावर कोणाला काही कळलं नाही. मग मराठीतून सांगितलं की ही वेस पाडायची नाही, कधीच नाही, सडकच वळसा घेईल, आणि मग जो गलका उठला! गुत्तेदारानं कागद हिसकावून शिक्का बघितला आणि तोंड पाडून बाजूला झाला.

मी हात वर केला. "अजून आहे." आवाज बसला होता. "पन्नास हातांत घर, गोठा काही चालणार नाही. मामा, तुमचा पाया..."

मामांनी बुरजाशेजारच्या खड्ड्याकडं बघितलं. त्यांनी दोन महिने माती उपसली होती. "बुजवू," ते म्हणाले. "गोठा कुठंबी बांधता येतो."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आन् परवाच्या कागदात ते मखदूश कुठनं आलतं?"

बायांच्या घोळक्यात माझी बायको उभी होती. ते वाक्य मी तट्टूवर शंभरदा घोकलं होतं, तेच आता म्हणालो. "मामा, ते म्हाताऱ्या साहेबांचं नव्हतं. मूळ कागदात महफूजच होतं. मी चुकीचं वाचलं. चूक माझी."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, इतकं ओशाळवाणं वाटलं. मामा गावाकडं वळून एवढंच म्हणाले, "बांधलेलं तोरन तसंच सोडायचं न्हाई. पोळा आजच. बैलं आना!"

काय पळापळ झाली! अर्ध्या घटकेत बैलांची रांग लागली. कोणाच्या गळ्यात घुंगरं, कोणाच्या फक्त फडकं, एकाच्या शिंगाला तर चुनाच फासलेला. हलगी वाजायला लागली. सगळे पाटलाचा बैल उठायची वाट बघत होते. मामांनी तो उठवला, एका अंगाला घेतला आणि वडारांच्या म्होरक्याला हाक मारली.

"तुमच्या गाडीचा बैल आना. आज मान तुमचा."

म्होरक्या दचकला. "पाटील, आमी तर पाडाया आलतो."

"आलता खरं. हुकूम बी तुमच्याच हातात व्हता. तरी सकाळधरनं घण खाली ठिवून बसलाव. आना."

मामांनी स्वतःच्या बैलाची जरीची झूल काढली आणि त्या धुळीनं माखलेल्या गाडीबैलाच्या पाठीवर घातली. म्होरक्या डोळे पुसत, दावं धरून तोरणाखालून पहिला गेला. त्याच्यामागं त्याची सगळी माणसं गेली. मामी तबक घेऊन ओवाळायला उभ्याच होत्या.

मी हळूच तट्टूकडं सरकलो. दप्तरखान्यात बस्ते बांधायचे होते ना! निमूट निघून जावं, आणि महिना-दोन महिन्यांनी, बाळंतपण झाल्यावर, तोंड दाखवावं, असं ठरवलं होतं. तेवढ्यात मामांनी मला गाठलं आणि त्यांच्या बैलाचं दावं माझ्या हातात कोंबलं.

"धरा."

"मामा, मी? मानाच्या बैलाला?"

"आज त्याला मान न्हाई. त्यो बी मागं आन् तुमी बी मागं," ते म्हणाले. "धरा जावईबापू. गावात यायचंय ना?"

मी दावं धरलं. बैल मात्र सकाळपासून बसून कंटाळला होता. त्यानं मला ओढतच वेशीतून गावात नेलं.